एकसष्टावी लेक

१

दर दीड तासाने मायलेकींची ताटातूट करायची, हे धाकटीचं काम. ऐकायला दुष्टपणाचं वाटतं, पण या मायलेकी यीस्टच्या होत्या, पाव फुगवायला घालतात त्या यीस्टच्या. ताटातूट करायची ती केसाएवढ्या बारीक काचेच्या सुईने, मायक्रोस्कोपखाली, श्वास रोखून.

यीस्टच्या पेशीच्या अंगावर एक कळी फुटते. कळी वाढत जाते आणि दीड तासात आईपासून सुटते. ती लेक. तिला सुईने हलकेच सरकवत प्लेटच्या कडेला न्यायचं, वहीत आईच्या नंबरापुढे एक रेघ मारायची आणि पुढच्या कळीची वाट बघायची. जन्मभरात किती लेकी झाल्या, ते त्या आईचं आयुष्य. पंचवीसच्या आसपास बहुतेक आया थकतात. फुगतात, अंगात दाणे दिसायला लागतात आणि मग थांबतात. थांबली की वहीत तिच्या रेघांपुढे एक गोल. संध्याकाळी प्लेट फ्रिजमध्ये ठेवली की थंडीने सगळं गाव झोपी जायचं, सकाळी उबेच्या कपाटात ठेवली की जागं व्हायचं. रात्रपाळी नाही, एवढं एक सुख होतं.

प्लेटच्या कडेला सगळी लॅब ‘सासर’ म्हणायची.

“गेली का गं सासरी?” शेजारच्या टेबलावरून दोरी विचारायची. दोरी म्हणजे धाकटीची जोडीदारीण, साडेपाच फूट उंच आणि अंगाला मांस म्हणून नाही. धाकटीलाही तिथे कोणी नावाने हाक मारत नसे. दार आपटलं, फ्रिज घरघरला, मागून कोणी शिंकलं, की ही जागच्या जागी उडायची. म्हणून लॅबमध्ये ती ‘दचकी’.

“गेली. रडली पण नाही,” धाकटी म्हणायची.

या खेपेला प्लेटवर चाळीस आया होत्या आणि चाळीसही जणींमधलं एक जनुक सरांनी काढून टाकलं होतं. यीस्टमधली आई तशी भारी सोशीक. वयाबरोबर अंगात साचलेला सगळा कचरा स्वतःकडे ठेवते, लेकीला कोरी करकरीत करून पाठवते. म्हणून आई म्हातारी होते आणि लेक शून्यापासून सुरू होते. ते जनुक या कचऱ्याची राखण करतं, असा सरांचा अंदाज होता. राखण उठवली तर काय होतं, ते बघायचं होतं.

फारसं काही झालं नाही. एकोणचाळीस आया बावीस ते तीसच्या आत थांबल्या. उरली सतरा नंबरची. एका शुक्रवारी संध्याकाळी धाकटीने तिच्यापुढे एक्केचाळिसावी रेघ मारली, तेव्हा सर मागे येऊन उभे होते. ती दचकली.

“दाणे दिसतायत?”

“नाही सर. एकदम नितळ आहे. काल जन्मल्यासारखी.”

“मग तू आता हलायचं नाहीस,” सर खुशीत म्हणाले. “नवी नोकरी कुठे पळून जात नाही. सतरा नंबर थांबली की त्याच दिवशी तुझं सोडपत्र टाइप करायला देतो. शब्द माझा.”

नवी नोकरी पळून जाणारच होती. दुसऱ्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेने अगदी दहा दिवसांनंतरचा सोमवार दिला होता. त्या दिवशी सोडपत्रासकट हजर व्हायचं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. पण सरांपुढे एवढं लांबलचक वाक्य बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. ती “बरं सर” म्हणाली.

२

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, मध्ये दाराऐवजी पडदा. त्या घरात आधी तीन बहिणी आणि आई होत्या. मधली सहा वर्षांपूर्वी बाहेर पडली, लांबच्या गावी शाळेत शिकवायला लागली. थोरली राहिली आणि गेल्या वर्षी तिथेच गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. दुखणं असं निघालंच नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि शेवटी “शरीर थकलंय” एवढंच म्हणाले. मग आईजवळ कोण, हा प्रश्न कोणी विचारलासुद्धा नाही. धाकटी वसतिगृहातून सामान घेऊन आली.

आई सत्तरीची. धाकटी आली तेव्हा तिला वाटलं होतं की आता उशापायथ्याशी बसावं लागणार. पण आई जिन्यावरून भाजीची पिशवी घेऊन अशी चढायची, की खालच्या मजल्यावरचा शिंपी मान वर करून बघायचा. दुःखाने माणूस कामाला लागतं, असं धाकटीने स्वतःला समजावलं होतं.

त्या शुक्रवारी ती घरी आली तर आई खिडकीशी बसून पत्र वाचत होती. नोकरीचं पत्र.

“माझ्या बॅगेत होतं ते.”

“मग? बॅग काय तिजोरी आहे? धुवायला काढली, त्यातून पडलं.” आईने पत्र उजेडाकडे धरलं. “बरं लिहिलंय. खाली काय म्हणतायत बघ, ‘उमेदवाराने वैद्यकीय तपासणी स्वखर्चाने करून घ्यावी.’ चिकट असतात मेले.”

धाकटी पत्राकडे बघत राहिली. तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. तिने स्वतः त्या चार दिवस डोळ्यांजवळ, डोळ्यांपासून लांब, दिव्याखाली धरून बघितल्या होत्या आणि सोडून दिल्या होत्या. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावल्यावर आणखी काय होणार.

“आई, तुझा चष्मा कुठाय?”

“असेल कुठेतरी. हल्ली लागत नाही बाई.” आईने पत्राची घडी घालून तिच्या हातात दिली. “जा की. मी काय तुला धरून ठेवलंय? थोरलीलाही म्हणायचे, जा म्हणून. तीच जाईना.”

३

रविवारी प्लेट फ्रिजमध्ये आणि धाकटी घरी. जेवणं झाल्यावर दोघी आडव्या झाल्या. आई खाटेवर, धाकटी खाली सतरंजीवर. पडदे ओढले होते, बाहेर कोणीतरी गाडी धुत होतं, बादलीचा आवाज येत होता.

आईला जुना दमा. बहिणी लहान असल्यापासून तो घरात चौथ्या बहिणीसारखा राहायचा. आत ओढताना शिट्टी, सोडताना खरखर, आणि मध्ये एक अशी थांबायची जागा, की ऐकणाऱ्याने आपला श्वास धरून ठेवावा. डोळा लागता लागता धाकटीला तो ऐकू आला. शिट्टी. थांबणं. खरखर.

उशी उंच करायला हवी, असं म्हणत ती उठून बसली. सवयीचं काम होतं, डोळे उघडायचीही गरज नव्हती. पण तिने उघडले.

आई उताणी झोपली होती. तोंड मिटलेलं. छाती लहान पोरीसारखी संथ वर-खाली होत होती आणि तिच्यातून काहीही आवाज येत नव्हता.

शिट्टी. थांबणं. खरखर.

धाकटीने खोलीत सगळीकडे बघितलं. खिडकी बंद. पंखा बंद. पडद्यापलीकडे कोणी असण्याचं कारण नव्हतं, तरी तिने पडदा बाजूला करून बघितला. मग नीट ऐकता यावं म्हणून श्वास रोखून धरला.

आवाज थांबला.

कितीतरी वेळ तिने श्वास सोडलाच नाही. कानात ठोके वाजायला लागले, डोळ्यांपुढे काजवे आले. शेवटी सोडावा लागला, आणि तिच्या छातीतून ती खरखर बाहेर आली. ओळखीची, वर्षानुवर्षं ऐकलेली, मधल्या त्या थांबण्यासकट.

लॅबमधल्या थंडीने असेल. सर्दी उतरली असेल. सतरंजीतली धूळ. कारणं तिने पटापटा एकापुढे एक मांडली. शिकलेल्या माणसाकडे कारणांना काय तोटा?

“काय बघतेस?” आई म्हणाली. तिचे डोळे उघडे होते. किती वेळ उघडे होते, कोण जाणे.

“तुझा दमा...”

“गेला की तो. थोरली गेली, त्याच आठवड्यात गेला.”

“औषध बदललंस?”

“औषध कसलं? गेला तर गेला. गेलेल्याच्या मागे कशाला लागायचं?” आईने कूस बदलली. “तू मात्र छातीला काहीतरी चोळ हं. केवढा आवाज करतेस. झोप लागू देत नाहीस.”

४

सोमवारी शेहेचाळीस झाल्या तेव्हा सरांची खुशी संपली आणि संशय सुरू झाला.

“अदलाबदल केली आहेस तू,” ते म्हणाले.

या कामातली ही सगळ्यात जुनी चूक. कळी लहान असते तोवर आई कोण, लेक कोण, आंधळ्यालाही कळतं. पण सुटायला उशीर झाला, लेक वाढून आईएवढी झाली, की दोघी सारख्याच दिसतात. मग माणूस आईला सासरी पाठवतं आणि लेकीला आई म्हणून मांडीवर घेतं. वहीतल्या रेघा पुढे चालू, आयुष्य मात्र पहिल्यापासून. बाहेरून दिसतं, की म्हातारी मरतच नाही.

“नाही सर. मी एकदाही उशीर केला नाही. जेवायलासुद्धा खाली गेले नाहीये.”

“सगळे असंच म्हणतात. मी पण म्हणायचो.”

सर गेल्यावर दोरीने खुर्ची जवळ ओढली. “दचके, रडू नकोस. सोपं आहे. सासरी जाऊन बघू. तू आईला चुकून तिकडे पाठवली असशील, तर म्हातारी तिकडे मरून पडलेली सापडेल. एक सापडली, की सर खरे.”

दोरीने प्लेट सरकवली. कडेला सतराव्या आईच्या लेकी एका रांगेत ठेवलेल्या होत्या. पहिल्या तिसेक जणींचे छान ढीग झाले होते, त्यांना लेकी, त्यांना नाती, अशी गर्दी. तसंच व्हायला हवं. पुढे सरकताना दोरीची बडबड कमी होत गेली आणि मग बंद पडली.

“काय आहे?” धाकटीने विचारलं.

“एकच नाहीये गं.”

धाकटीने डोळा लावला. तिसाव्या लेकीच्या पुढे ढीग नव्हते. एकेकटी पेशी होती. फुगलेली, दाणेदार, थांबलेली. तिच्या पुढची तशीच. तिच्या पुढची तशीच. सोळा जणी अशा रांगेने. काहींना एखादी कळी फुटून अर्ध्यात राहिली होती. परवाच्या शुक्रवारी जन्मलेली, जिच्यासाठी तिने एक्केचाळिसावी रेघ मारली होती, ती सालीसारखी सुरकुतली होती.

आणि मधोमध सतरा नंबरची आई, नितळ, गोल, बाजूला सत्तेचाळिसावी कळी घेऊन.

“जन्मतःच म्हाताऱ्या,” दोरी हळूच म्हणाली. “काहीतरी भन्नाट सापडलंय तुला. सरांना सांग, छापून येईल.” मग तिने धाकटीकडे बघितलं आणि बघतच राहिली. “तू झोपत नाहीस का हल्ली? कानामागे केवढे पांढरे झालेत केस.”

५

मंगळवारी दुपारी मधलीचा फोन आला. धाकटी जिन्याच्या वळणावर जाऊन बसली. जिना चढून नव्हे, उतरूनच तिला धाप लागली होती.

“हा आवाज कोणाचा?” मधलीने विचारलं.

“माझाच. सर्दी आहे.”

“सर्दी नाहीये ती,” मधली म्हणाली. “ऐक. मी त्या घरात तीस वर्षांची होते तेव्हा माझे गुडघे धरायचे. जिना उतरताना कठडा लागायचा. आठवतंय? तुम्ही हसायचात मला, आजीबाई म्हणून. घर सोडलं आणि चार महिन्यांत थांबलं. केस परत काळे झाले नाहीत, पण पुढे पांढरेही झाले नाहीत. जिथे होतं तिथे थांबलं सगळं.”

“हवापाणी बदललं तुझं.”

“हो, मीही तसंच म्हणते. शाळेत सगळ्यांना तसंच सांगते.” मधली कडवट हसली. “थोरली गेली तेव्हा हॉस्पिटलातल्या कारकुनाने मला काय विचारलं, सांगू? ‘पेशंटचं वय पंच्याहत्तर लिहू ना?’ मी चव्वेचाळीस सांगितलं तर चिडला. म्हणाला, बाई, थट्टेची वेळ आहे का ही? आणि आई बाकावर बसून पेरू... जाऊ दे. काहीतरी खात बसली होती. दातांनी. करकरा.”

“ताई, असं काही नसतं गं. आपण शिकलेल्या आहोत.”

“मग तूच सांग, तुमच्या शिकण्यात याला काय म्हणतात ते.”

धाकटीला सांगता आलं असतं. सोळा जणींची ती रांग डोळ्यांपुढे होती.

“गुरुवारी सकाळच्या बसने निघते. संध्याकाळी तुला घेऊन परत. सोडपत्र असो नसो. आणि ऐक, मी वर घरात येणार नाही. तू खाली रस्त्यावर ये.”

६

“मधली येतेय?” बुधवारी सकाळी आईने विचारलं. धाकटीने तिला सांगितलं नव्हतं.

“तुला कोण म्हणालं?”

“कोण म्हणायला कशाला हवं? पोटच्या पोरी आहात.” आई आरशासमोर केस विंचरत होती. कंगव्यात एकही केस आला नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी बोटभर काळं दिसत होतं. कलप लावला की काळं टोकाकडे असतं की मुळाशी, यावर धाकटी जरा वेळ विचार करत राहिली. “बरं होईल. लांब राहून राहून नुसती वाळून चाललीय. दोघी असलात की मलाही जरा उभारी.”

“ती राहायला येत नाहीये, आई.”

“बघू की,” आई म्हणाली आणि कंगवा पुढे केला. “ये, तुझी वेणी घालते. हात वर होत नाहीत ना तुझे?”

होत नव्हते. पण धाकटी तशीच, केस न विंचरता, घराबाहेर पडली.

७

गुरुवारी दुपारी लॅब रिकामी होती. कोणी पाहुणे भाषण द्यायला आले होते आणि सगळे खालच्या सभागृहात गेले होते. साठ झाल्या होत्या. एकसष्टावी कळी आईच्या अंगावर होती.

धाकटीने ठरवलं होतं. भाषण संपायच्या आत सुई सतरा नंबरमध्ये खुपसायची आणि वहीत गोल काढायचा. थांबली सर, दुपारी थांबली. पेशी फुटल्याचं कोणाला कळणार नव्हतं, म्हाताऱ्या पेशी पुष्कळदा आपोआप फुटतात. सरांनी शब्द दिला होता, त्याच दिवशी सोडपत्र. चार वाजता मधलीची बस येणार होती. आपण फक्त सोडपत्रासाठी खोटं लिहितोय, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला तीनदा बजावलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.

पण कळी सुटायची वाट बघता बघता तिचा डोळा लागला. असं कधी झालं नव्हतं. हल्ली तिला बसल्या जागी पेंग यायची, मान पुढे पडायची आणि हनुवटी छातीला लागली की जाग यायची. जाग आली तेव्हा घड्याळात पाऊण तास पुढे गेला होता.

तिने घाईघाईने डोळा लावला. मधोमध दोन पेशी होत्या. सारख्या आकाराच्या, सारख्या नितळ, एकमेकींना चिकटलेल्या. तिने सुईने सोडवून बघितलं. सुटल्या नाहीत. प्लेट फिरवून बघितली, उजेड कमी-जास्त करून बघितला. आई कोण आणि लेक कोण, कळायला काहीच मार्ग नव्हता.

“इथे बसतेस होय तू!”

धाकटी इतकी दचकली, की स्टूल मागे कलंडलं. दारात आई होती. हातात डबा. लिफ्ट आठवडाभर बंद होती, म्हणजे ती चार मजले चढून आली होती. श्वाससुद्धा वाढला नव्हता.

“तू... तुला इथे कसं...”

“डबा विसरलीस. खाली त्या गणवेशवाल्याने सांगितलं, वर सरळ जा म्हणून. मला म्हणाला, ताई, जपून चढा. मेला, ताई म्हणतोय.” आईला हसू आवरेना. मग ती मायक्रोस्कोपपाशी आली आणि कोणी काही सांगायच्या आत वाकून दोन्ही डोळे लावले. नवख्या माणसाला तिथे आपल्याच पापण्या दिसतात, उजेड जुळवून द्यावा लागतो. आईने काहीही न हलवता बघितलं.

“या होय तुझ्या मायलेकी,” ती म्हणाली. “सोडवत का नाहीस?”

“सुटत नाहीयेत.”

“आणि सोडवून काय करणार?”

आईने डोळे वर केले. काचेची सुई, उघडी वही, धाकटीचा चेहरा, सगळ्यांकडे तिने एकदा बघितलं. रागाने नाही. शाळेतून पोर उशिरा आली की बघायची तसं.

“यातली आई कुठली, ते कळत नाहीये ना तुला?” आई म्हणाली. “मी सांगू?”

खाली टाळ्या वाजल्या. भाषण संपत आलं होतं.

“सांग.”

“डावी.”

आईला आई ओळखू येत असेल, असं धाकटीला त्या क्षणी वाटलं. एवढी शिकलेली, आणि वाटलं. तिने स्टूल सरळ केलं, डोळा लावला, डाव्या पेशीवर सुई आणली आणि दाबली. पेशी आधी आत चेपली, मग एकदम मोकळी झाली. आतलं सगळं एका धुरकट ठिपक्यासारखं बाहेर आलं. उजवी नुसती जराशी हलली, कोणी शेजारून उठून गेल्यावर माणूस हलतं तशी.

धाकटीने पेन उचललं. गोल काढायला तिचा हात वहीपर्यंत गेला आणि फोन वाजला. पडद्यावर मधलीचं नाव होतं.

“ताई, झालं माझं. मी खाली येते, तू कुठवर...”

“हॅलो,” बाईचा नव्हे, पुरुषाचा आवाज आला. मागे इंजिनाची घरघर होती. “मी बसचा कंडक्टर बोलतोय. या फोनवर शेवटचा नंबर तुमचा दिसला म्हणून लावला. इथे एक आजी आहेत. खिडकीशी बसल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्यात. आत्ता एकदम...” तो अडखळला. “गाडी बाजूला घेतलीय. तुमच्या कोण त्या? आजी का?”

“कसली आजी? हा फोन माझ्या बहिणीचा आहे. छत्तीस वर्षांची आहे ती. तिच्या हातात...” धाकटीला खोकला आला. “लाल पट्ट्याचं घड्याळ आहे तिच्या हातात. मी दिलेलं.”

पलीकडे कापडाची सळसळ झाली.

“लाल पट्टाच आहे,” तो म्हणाला. “पण बाई, या तर खूपच म्हाताऱ्या आहेत हो.”

धाकटीने फोन खाली ठेवला, की तो हातातून खाली गेला, तिला कळलं नाही. आई परत मायक्रोस्कोपवर वाकली होती. फोन कोणाचा होता, हे तिने विचारलं नाही.

“ये गं, बघ,” ती मायेने म्हणाली. “उजवीला नवी कळी येतेय.”

८

“चल, घरी जाऊ,” आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ते रडणं खरं होतं, यात धाकटीला आजही शंका नाही. “मधलीला आणायची व्यवस्था करायला हवी. तुला एकटीला नाही जमणार ते. ऊठ.”

धाकटी उठली. चार जिने होते. सभागृहातून वर येणारी माणसं त्यांना बाजूने वाट देत होती. दोरी समोरून आली, “अगं, काय झालं?” म्हणाली, आणि उत्तराची वाट बघताना तिची नजर एकीकडून दुसरीकडे गेली आणि परत पहिलीकडे आली. मग ती भिंतीला टेकली.

“एकेक पायरी,” आई म्हणत होती. “घाई नाही. मी आहे ना.”

तळमजल्याचं दार उघडं होतं. बाहेर रस्ता होता, ऊन होतं, समोर बसथांबा होता. धाकटीच्या डोक्यात एकच गोष्ट स्वच्छ होती. आता, या क्षणी, घराकडे न वळता त्या थांब्यावरून मिळेल ती बस पकडायची. सोडपत्र नको, सामान नको. मधली म्हणाली होती, जिथे असतं तिथे थांबतं. आहे तेवढं पुरे होतं. साठीचे गुडघे, सत्तरीची छाती, काही का असेना, त्याच्यावर जगू.

“आई, सोड,” ती म्हणाली.

“काय?”

“हात सोड माझा.”

आईने तिच्याकडे बघितलं. इतकं तरुण, इतकं दुखावलेलं तोंड धाकटीने कधी बघितलं नव्हतं.

“मी कुठे धरलाय?” आई म्हणाली.

धाकटीने खाली बघितलं. आईची पाचही बोटं उघडी होती, हवेत, मोकळी. धाकटीने स्वतःचीही उघडली. मग हात मागे ओढला, आधी हळू, मग होतं नव्हतं तेवढं बळ लावून. आईचा हात त्याच्याबरोबर आला.